तासांचा रकाना: एका विज्ञान विद्यार्थिनीच्या रोजनिशीचं प्रकरण

परिस्थिती

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. वर्गात लक्ष देणारी, प्रयोगशाळेत नेटकी, दिलेलं काम वेळेत पुरं करणारी. रोज रात्री झोपण्याआधी ती रोजनिशी लिहिते: दिवसभरात काय वाचलं, काय राहिलं, सवयी किती पाळल्या, मन कसं होतं. एवढं सगळं असूनही सहामाही परीक्षेत ती मागे पडली. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे तिचा स्वतःवरचा विश्वास ओसरत चालला होता. "मॅडम, मी एवढं वाचते, पण डोक्यात काही राहतच नाही," हे ती पहिल्या भेटीत म्हणाली आणि नंतरही म्हणत राहिली.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. विद्यार्थ्यांशी अभ्यासाबद्दल बोलताना जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका व्यक्तीभोवती गुंफलं आहे, तेव्हा कुणा एकीची ओळख यात शोधू नये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तिचे कष्ट पुरेसे होते आणि इच्छाशक्तीही होती. अडचण रोजनिशीत होती. ती वही चुकीची गोष्ट मोजत होती आणि त्या मोजमापावरून रोज रात्री तिला दोषी ठरवत होती.

वहीत काय होतं

पानाच्या वरच्या भागात चार रकाने: विषय, ठरवलेले तास, झालेले तास, बाकी. खाली चार-सहा ओळींचा मजकूर. तिच्या परवानगीने त्यातल्या काही नोंदी देते.

"आज साडेपाच तास. ठरवले होते आठ. दुपार वाया गेली. उद्या अडीच तास जास्त बसायचंच."

"थर्मोचा धडा दोनदा वाचला. समजला. ऑरगॅनिक राहिलं." (थर्मो म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र; ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी संयुगांचं रसायनशास्त्र.)

"परत तेच. ठरवते आणि मोडते. माझ्यात शिस्तच नाही."

'बाकी' हा रकाना या वहीतला सगळ्यात घातक भाग होता. आजचे राहिलेले तास उद्याच्या उद्दिष्टात जमा व्हायचे, उद्याचे परवाच्या. आठवडा संपेपर्यंत ठरवलेल्या तासांचा आकडा असा व्हायचा की तो गाठायला दिवस पुरलाच नसता. मग एके दिवशी ती लिहिणं सोडून द्यायची. काही दिवस कोरे जायचे आणि मग नवी वही, पहिल्या पानावर सुंदर अक्षरात नवं वेळापत्रक. तिच्याकडे अशा अर्धवट सोडलेल्या वह्यांचा गठ्ठाच होता. प्रत्येक वहीची पहिली पानं उत्साहाने भरलेली आणि शेवटची पानं स्वतःला बोल लावणारी.

मला खटकलं ते वेगळंच. हीच मुलगी प्रयोगवही अगदी वेगळ्या मनाने लिहिते. टायट्रेशनची, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायच्या प्रयोगाची, रीडिंग्ज जुळली नाहीत तर ती स्वतःला दोष देत बसत नाही. ब्यूरेटच्या (द्रव मोजून सोडायच्या नळीच्या) तोटीत हवेचा बुडबुडा राहिला होता का, एंड पॉइंट, म्हणजे थांबायचा नेमका क्षण, ओलांडला गेला का, फ्लास्क आधीच्या द्रावणाने विसळला गेला होता का, हे ती तपासते. न जुळणारं रीडिंग खोडत नाही, बाजूला कारण लिहिते आणि पुन्हा करते. निरीक्षण कसं करायचं हे तिला उत्तम येत होतं. ते स्वतःच्या दिवसाला लावायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

चार्ल्स डार्विनने आत्मवृत्तात आपल्या एका नियमाबद्दल लिहिलं आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा विचारात आली की तो ती तत्काळ टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गैरसोयीच्या गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. तिच्या वहीत गैरसोयीच्या गोष्टींची कमी नव्हती, पण त्या सगळ्या तिच्या स्वभावाबद्दल होत्या. विषयातलं नेमकं काय अडलं याची एकही नोंद मला सापडली नाही.

थर्मोचा धडा

"समजला" असं लिहिलेल्या धड्यावर मी तिला पुस्तक मिटून एक प्रश्न विचारला. एक मोल आदर्श वायू उष्णतारोधक भांड्याच्या एका अर्ध्या भागात आहे, दुसरा अर्धा भाग निर्वात आहे. मधला पडदा काढला. वायू सगळीकडे पसरला, आकारमान दुप्पट झालं. एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने विस्कळीतपणाचं माप, किती बदलली?

ती लगेच म्हणाली, "शून्य. उष्णता आत आली नाही, बाहेर गेली नाही. क्यू शून्य, म्हणून डेल्टा एस शून्य." (क्यू म्हणजे उष्णता, डेल्टा एस म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल.)

उत्तर चूक आहे, पण फार मोलाची चूक आहे. एन्ट्रॉपीच्या व्याख्येत येते ती रिव्हर्सिबल, म्हणजे उलट फिरवता येणाऱ्या, मार्गाने दिलेली उष्णता. निर्वातात होणारं प्रसरण रिव्हर्सिबल नसतं, त्यामुळे प्रत्यक्षातला क्यू शून्य असला तरी तो त्या सूत्रात घालता येत नाही. एन्ट्रॉपी फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर अवलंबून असते, म्हणून त्याच दोन अवस्थांना जोडणारा एखादा रिव्हर्सिबल मार्ग निवडायचा. आदर्श वायूचं तापमान या प्रसरणात बदलत नाही, तेव्हा स्थिर तापमानाचा मार्ग घ्यायचा. एन्ट्रॉपीतली वाढ येते वायू स्थिरांक गुणिले दोनाचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन.

हे सगळं तिच्या पुस्तकात होतं. त्या परिच्छेदाखाली पिवळी रेघही होती, तिनेच मारलेली. ती ओळ पाहून ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "वाचताना तर सगळं पटत होतं."

वाचताना पटणं आणि पुस्तक मिटल्यावर सांगता येणं या दोन क्षमतांमधलं अंतर प्रयोगांनी मोजलेलं आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा कोणाला होता? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. तिचं "समजला" हे रात्रीचं विधान नेमकं त्या पाच मिनिटांच्या चाचणीसारखं होतं. धडा नुकताच डोळ्यांखालून गेलेला असताना ते लिहिलेलं होतं, आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नाही.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोनच पद्धतींना त्यांनी वरचं स्थान दिलं. पुन्हा वाचन आणि रेघा मारणं तळाला गेलं. तिच्या साडेपाच तासांतला बराचसा वेळ या तळाच्या दोन कामांत जात होता. तासांच्या रकान्यात मात्र सगळे तास सारखेच दिसायचे, आणि म्हणून तो रकाना मला निरुपयोगी वाटतो. आठवायचा प्रयत्न करताना माणूस लवकर थकतो, तास कमी भरतात. तास मोजणारी वही चांगल्या अभ्यासाला शिक्षा करते.

झोप, जी वहीत नव्हतीच

रोजनिशीत झोपेचा उल्लेख फक्त तक्रार म्हणून यायचा: "उशिरा उठले." बाकी भरून काढण्यासाठी ती रात्रीचा वेळ वापरायची, कॉलेजच्या दिवसांत सहा तासांच्या आसपास झोपायची आणि सुट्टीला दुपारपर्यंत. विचारलं तर म्हणायची, "सवय झाली आहे, काही वाटत नाही."

काही वाटत नाही हे तिचं म्हणणं खरं होतं. २००३ मध्ये हान्स व्हॅन डॉन्गन आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना सलग १४ रात्री मर्यादित झोप दिली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी दोन रात्रींपर्यंत अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खाली आली. झोप येतेय ही त्यांची स्वतःची जाणीव मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी वाढली नाही. तेव्हा "सवय झाली" ही भावना पुरावा म्हणून धरता येत नाही. तिच्या वयाला साधारण सात ते नऊ तास झोपेची शिफारस आहे. त्याच्या खाली ती कित्येक महिने होती.

झोप हा अभ्यासाचाच भाग आहे हे तिला पटवायला वेळ लागला. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबॅक यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी तिला सांगितला. अर्थहीन अक्षरगट पाठ केल्यावर तितकेच तास झोपेत गेले तर जास्त आठवतं, जागेपणी गेले तर कमी. पुढच्या संशोधनाने गाढ झोपेत मेंदू दिवसातल्या आठवणींची उजळणी करतो हे दाखवलं. दोन विद्यार्थी म्हणजे काय नमुना, असा आक्षेप तिने लगेच घेतला. मला तो आक्षेप फार आवडला. रोजनिशीवर तिने असा आक्षेप कधी घेतला नव्हता.

कॅफिनचं थोडक्यात. त्याचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक फरक पडतो. संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी शिल्लक असते. तिने ती वेळ दुपारवर आणली आणि तो विषय तिथेच मिटला.

वही बदलली ती कशी

पहिली सूचना: तास आणि बाकी, दोन्ही रकाने बंद. यावर तिचा प्रश्न असा होता: "तास लिहिले नाहीत तर मी अभ्यास केला हे मला कळणार कसं?"

या प्रकरणाचा गाभा मला या प्रश्नात दिसतो. अभ्यास झाला की नाही हे तिला स्वतःच्या समजेवरून कळत नव्हतं, घड्याळावरून कळत होतं. त्यामुळे रकाना नुसता काढून घेणं क्रूर ठरलं असतं. त्याच्या जागी विश्वास ठेवता येईल असं दुसरं काही द्यावं लागणार होतं.

ते म्हणजे सकाळचा कागद. उठल्यावर, तोंड धुऊन टेबलाशी बसलं की, वही-पुस्तक न उघडता एका कोऱ्या कागदावर काल शिकलेलं जे आठवेल ते लिहायचं: सूत्र, आकृती, कारण, काहीही. दहा मिनिटं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरायचं. "टेबलाशी बसले की कागद" असं ते बांधून ठेवलं, कारण "रोज उजळणी करेन" यासारखा मोघम संकल्प टिकत नाही. अमुक घडलं की तमुक करायचं, अशी जोडणी केलेला संकल्प जास्त वेळा पार पडतो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात दाखवलं आहे.

कागदानंतर रोजनिशीत तीन गोष्टी. काय अडलं, तेही प्रश्नाच्या रूपात. "ऑरगॅनिक कच्चं आहे" चालणार नाही, "तृतीयक कार्बनवर एसएन२ का होत नाही?" असं चालेल (एसएन२ हा रासायनिक अभिक्रियेचा एक प्रकार). दुसरी, झोपायची आणि उठायची वेळ. तिसरी, मनाबद्दल एक-दोन वाक्यं. त्यात काय घडलं आणि काय वाटलं हे लिहायचं, "मी अशी आहे" या प्रकारचं वाक्य लिहायचं नाही.

वेळही बदलली. चिंतन संध्याकाळी, अभ्यासाच्या मध्ये. रात्री झोपण्यापूर्वी फक्त उद्याच्या कामांची नेमकी यादी. यामागे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग होता. ५७ तरुणांपैकी ज्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली ते, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा, सरासरीने लवकर झोपले. यादी जितकी तपशिलाची, तितकी झोप लवकर. ती याच्या बरोबर उलट करत होती: झालेलं आणि न झालेलं घोळवत अंथरुणात शिरत होती. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला ते हेच, दुःखाचं रवंथ. त्यांच्या संशोधनात असं घोळवत राहणाऱ्यांची उदासी जास्त काळ टिकते, असं वारंवार दिसलं. लिहिल्याने मन हलकं होतं हे आपण ऐकत आलो आहोत. पण एकच आरोप रोज त्याच शब्दांत लिहून मन हलकं होत नाही.

पहिले दिवस

पहिले सकाळचे कागद जवळजवळ कोरे होते. ही अवस्था कठीण असते आणि इथे बरेच जण पद्धत सोडतात. पुन्हा वाचताना येणारी ती सुखद ओळख इथे मिळत नाही. कोरा कागद मिळतो. एका संध्याकाळी तिने लिहिलं, "आधी वाटायचं मला येतं. आता दिसतंय की काहीच येत नाही. यात काय फायदा?"

मी तिला एवढंच सांगितलं की कोरा कागद हे रीडिंग आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्योर्क यांनी अशा कष्टांना 'हवीहवीशी अडचण' म्हणता येईल असं नाव दिलं. आठवायला जड जातं तेव्हाच आठवण पक्की होत असते. तिला धीर मिळाला तो मात्र त्या विचारातून नव्हे, दुसऱ्या रंगातून. आठवडाभराचे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा नंतर भरलेला रंग कमी होत चाललेला तिला डोळ्यांनी दिसला. "अभ्यास केला हे कळणार कसं" याचं उत्तर तिला तिथे मिळालं.

उजळणी कधी करायची हाही प्रश्न आला. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या मोठ्या प्रयोगात परीक्षा ७ दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांत १ दिवसाचं अंतर उत्तम ठरलं, ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं. मजकूर साधा होता, माणसं वेगवेगळी होती, म्हणून हे आकडे तंतोतंत पाळायचे नसतात. परीक्षा जितकी दूर तितकं अंतर मोठं ठेवायचं, एवढं धरून तिने कागदांच्या कोपऱ्यात पुढची तारीख टाकायला सुरुवात केली.

मध्ये आजारपणात काही सकाळी कागद झाला नाही. जुन्या सवयीने तिने नवी वही आणली. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, व्यक्तिगणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेले होते, आणि एखादा दिवस चुकल्याने घडणीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून तिने नवी वही परत कपाटात ठेवली आणि जुन्या वहीत "आजारी, कागद नाही" एवढं लिहून पुढची तारीख घातली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातलं हे सगळ्यात मोठं पाऊल आहे. रिकाम्या दिवसाचीही नोंद होऊ शकते हे तिने मान्य केलं.

एक वेगळी नोंद

अंतर्गत परीक्षांच्या सुमारास वहीत एक ओळ आली: "सगळं थांबावं असं वाटतं."

अशा ओळीवरून पुढे जाता येत नाही. मी तिला त्याच दिवशी भेटले आणि सरळ विचारलं: थांबावं म्हणजे काय? जीव द्यावा असं मनात येतं का? अनेकांना भीती वाटते की असं विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जाईल. उपलब्ध संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं याचा बोलणाऱ्याला आधारच वाटतो. ती म्हणाली, तसं नाही, फक्त परीक्षा थांबाव्यात, कोणीतरी म्हणावं की आता पुरे. मग तिने हेही सांगितलं की गेले काही आठवडे आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही.

तिने समुपदेशकांकडे जावं असं मी सुचवलं, पहिल्या भेटीला सोबतही गेले. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, उदासी किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणं दिसलं तर ते तज्ज्ञाने पाहायला हवं. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर दोन आठवडेही थांबायचं नसतं. रोजनिशी इथे उपचार करत नाही, फार तर वेळेवर दिसायला मदत करते. तिच्या झोपेच्या आणि मनाच्या नोंदी समुपदेशकांना उपयोगी पडल्या, कारण "बरेच दिवस" म्हणजे किती, हे अंदाजाने सांगावं लागलं नाही. पुढे तिथे काय झालं ते तिचं आणि त्यांचं आहे. मी ते इथे लिहिणार नाही.

जे जमलं नाही

मनाला एक ते दहा गुण द्यायची पद्धत तिने स्वतः सुरू केली. थोड्याच दिवसांत ती गुण वाढवण्यासाठी दिवस कसा "चांगला" दाखवायचा याचा विचार करू लागली. तासांचाच रकाना नव्या वेशात आला होता, तो बंद केला.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोडोरो पद्धत तिला सुरुवात करायला बरी वाटली, पण लांबलचक डेरिव्हेशनच्या ऐन मध्यावर घंटा वाजली की धागा तुटायचा. आता बसायचा कंटाळा येतो तेव्हाच ती घंटा लावते.

आणि गणित. वार्षिक परीक्षेत रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र स्पष्टपणे सुधारलं, गणित जागच्या जागी राहिलं. कारण शोधताना कळलं की सकाळच्या कागदावर ती डिफरन्शियल इक्वेशनचे प्रकार आणि त्यांच्या रीती बिनचूक लिहायची, पण समोर समीकरण आलं की ते कोणत्या प्रकारचं हे ओळखता यायचं नाही. सराव करताना ती एका प्रकारची सगळी उदाहरणं सोडवून मगच दुसऱ्या प्रकाराकडे जायची. त्यामुळे ओळखायची वेळच यायची नाही, धड्याचं नावच उत्तर सांगायचं. रोहरर आणि टेलर यांच्या २००७च्या प्रयोगात घनाकृतींच्या आकारमानाची उदाहरणं काहींना प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सरावात प्रकारवार सोडवणारे पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना २० टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६३. हे आकडे पाहून तिने सगळ्या प्रकारांची उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवली. आता चिठ्ठी काढायची आणि सोडवण्याआधी प्रकार व कारण लिहायचं, असं चालू आहे. त्याचा निकाल अजून हाती नाही.

सध्या

झोप सात तासांच्या वर स्थिरावली आहे, परीक्षेच्या आठवड्यात घसरते. रोजनिशीतल्या प्रश्नांची यादी वाढली आहे, आणि ते प्रश्न आता शिक्षकांना थेट विचारता येण्यासारखे असतात. "माझ्यात शिस्तच नाही" ही ओळ अधूनमधून येते. आली की ती खाली लिहिते, कोणत्या दिवशी, कशानंतर. बहुतेक वेळा मागे कमी झोपलेली रात्र सापडते.

एका मुद्द्यावर आमचं एकमत नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला तासांचा रकाना परत हवा आहे. प्रयोगाला किती वेळ लागतो हे माहीत असल्याशिवाय नियोजन होणार नाही, असं ती म्हणते आणि त्यात तथ्य आहे. मला धोका दिसतो तो रकाना रात्री पुन्हा तिच्याविरुद्ध बोलू लागण्याचा. तडजोड अशी झाली: फक्त काम सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ लिहायची, ठरवलेले तास नाहीत, बाकी नाही, बेरीज आठवड्यातून एकदा, तीही दिवसा. काय तपासायचं तेही आधीच ठरवलं आहे: रकाना परत आल्यावर सकाळचे कागद कमी होतात का, आणि झोपायची वेळ पुढे सरकते का. दोन्हींपैकी एक जरी दिसलं तर रकाना बंद, असं तिने वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून खाली तारीख घातली आहे.